मत आणि साक्ष

चित्रगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला "कसा आहे?" असा प्रश्न विचारण्यास निदान एक प्रहर तरी बंदी असावी, असे मला पुष्कळदा वाटते. प्रश्न निरुपद्रवी दिसतो खरा, पण त्याचे उत्तर मात्र बहुधा निरर्थक असते. "बरा आहे", "एकदा पाहावा", "वेळ फुकट गेला" यांपैकी कोणतेही उत्तर आले, तरी विचारणाऱ्याच्या ज्ञानात यत्किंचितही भर पडत नाही. अलीकडे तर शब्दांचे कष्टही कोणी घेत नाही. चित्रपटाला पाचांपैकी साडेतीन तारे दिले की परीक्षण पुरे होते! साडेतीन हा आकडा आम्हां कोल्हापूरकरांना तसा पूज्य. साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ आमच्या गावात आहे. पण चित्रपटाचे वजा झालेले दीड तारे कोणत्या दोषापायी गेले, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणीच पत्करीत नाही.

मतांचा मला तिटकारा आहे असे नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याचा चरितार्थच मुळी मतांवर चाललेला असतो! परंतु ग्रंथाविषयीचे मत आणि चित्रपटाविषयीचे मत यांत एक मोठा भेद आहे. एखाद्या कादंबरीला मी नावे ठेवली, तर माझा विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन ती काढू शकतो, वाचू शकतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडू शकतो. जो चित्रपट आज कोठेच शिल्लक नाही, त्याच्याविषयी भांडावयाचे कसे? तेथे टीकाकाराचे शब्द हाच अखेरचा अवशेष असतो. म्हणूनच चित्रपटाच्या टीकाकाराने न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे, असे माझे मत आहे. प्रथम काय पाहिले ते त्याने सांगावे. निकाल मागाहून द्यावा.

हा विचार कोल्हापुरात सुचला नाही तरच नवल. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला तो याच गावात. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. त्याविषयी दोन गोष्टी आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. पहिली अशी की लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. दुसरी अशी की भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक हादरले, आणि सरकारने तो प्रसंग कापावयास लावला. आता 'सैरंध्री' आपणांस पाहावयास मिळत नाही. अशा वेळी या दोहोंपैकी कोणती गोष्ट आपल्या उपयोगी पडते? टिळकांच्या पदवीवरून बाबूरावांचा गौरव कळतो, चित्रपट मात्र कळत नाही. उलट त्या हादरलेल्या प्रेक्षकांवरून आणि घाबरलेल्या सरकारवरून पडद्यावर काय घडले असावे, याची थोडीतरी कल्पना करता येते. लोकमान्यांचे ते मत होते, आणि प्रेक्षकांचा तो थरकाप ही साक्ष होती.

'सावकारी पाश'ची हकिकत याहून बोलकी आहे. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून बाबूरावांनी हा मूकपट १९२५ साली काढला. देवादिकांचा बाजार तेजीत असताना, कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले होते. १९३६ साली बाबूरावांनी याच कथेचा बोलपट केला. पुढे अनेक वर्षांनी निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी त्याची आठवण लिहिली. त्यांच्या मनात काय उरले होते? सावकारीवरचा उपदेश नव्हे. अंधूक प्रकाशात दूरवरून दिसणारी एक भकास झोपडी आणि एका कुत्र्याचे रडणे, एवढेच! 'सावकारी पाश' हा वास्तववादी चित्रपट होता, असे इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात छापलेले असते. मला तो दिसला तो मात्र वाडियांच्या त्या झोपडीमुळे.

फीत ही मोठी नाजूक वस्तू आहे. ती जुनी होते तसतशी सडते, आणि नायट्रेटची असली तर ठिणगीलाही वाट पाहावी लागत नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला आणि 'मीठभाकर' त्यांना पुन्हा चित्रित करावा लागला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. ज्या गावाला आपण अभिमानाने चित्रनगरी म्हणतो, त्या गावातल्या मुलाला बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहता येत नाहीत. अभिमान सुरक्षित राहिला आणि अभिमानाचा विषय मात्र नाहीसा झाला!

जे चित्रपट सुदैवाने वाचले, त्यांच्याविषयीही मी याच न्यायाने बोलू इच्छितो. 'प्रभात'चा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला आणि १९३३ साली ती पुण्यास गेली. तेथे दामले-फत्तेलालांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांच्या सात्त्विक मुद्रेची स्तुती सर्वांनी केली आहे आणि ती यथार्थ आहे. परंतु माझ्या दृष्टीने हा चित्रपट तुकारामाइतकाच जिजाईचा आहे. आजारी पोराला ओढीत, हातात वहाण घेऊन ती विठोबाला जाब विचारावयास देवळात शिरते, तेव्हा भक्तीची दुसरी बाजू प्रथमच आपल्या ध्यानी येते. संताच्या घरी चूल कोणी पेटवावयाची, हा प्रश्न तीच विचारते. गौरीबाईंनी ही जिजाई अशी उभी केली आहे की पुष्पक विमानाचा चमत्कार मला आज थोडा बालिश वाटतो, पण ती वहाण मात्र अजून खरी वाटते.

'कुंकू' (१९३७) हा जरठविवाहावरचा चित्रपट म्हणून नावाजला गेला. पण विषय थोर असला म्हणजे कृती थोर होत नाही. तसे असते तर आमच्याकडच्या सर्व प्रचारपटांना अमरत्व लाभले असते. 'कुंकू' मोठा ठरला तो भिंतीवरच्या घड्याळामुळे. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले. त्यामुळे त्या घरातली शांतता ऐकू येते आणि म्हाताऱ्या काकासाहेबांचे सरत चाललेले आयुष्य टिकटिकत राहते. केशवराव दात्यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिले नाही, हे त्यांचे मोठे श्रेय. शेवट मात्र मला कधीच पटला नाही. काकासाहेबांच्या आत्महत्येने लेखकाची सुटका झाली. नीरेची झाली काय? तिच्या कपाळी आता वैधव्य आले, आणि चित्रपट तेथेच हात जोडून मोकळा झाला.

आता आमच्या गावच्या वतीने एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांच्या त्या चित्रपटात जोम होता, ठसका होता, आणि तमासगिरांच्या जीवनाविषयी खरी आस्थाही होती. दोष त्याचा नव्हता; त्याच्या यशाचा होता. पुढली कित्येक वर्षे तोच वाडा, तोच पाटील, तोच फेटा आणि तोच फड आमच्याकडचे कॅमेरे टिपत राहिले. बाबूरावांनी ज्या मातीकडे डोळे उघडून पाहिले होते, तिच्याकडे त्यांच्या वारसांनी सवयीने पाहावयास आरंभ केला. सन्मान्य अपवाद होते. भालजींच्या 'साधी माणसं' (१९६५) मध्ये ऐरणीसमोर गाणारे लोहार जोडपे पाहिले, म्हणजे श्रमाला कॅमेऱ्याने दिलेला मान मनाला स्पर्श करतो. पण अपवाद किती दिवस मोजावयाचे?

शांतारामांचा 'पिंजरा' (१९७२) 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाच्या धाग्यावर विणलेला आहे. त्या जर्मन प्राध्यापकाला रंगमंचावर कोंबड्यासारखे आरवावे लागते. हा क्षण असह्य आहे, कारण तेथे कोणी उपदेश करीत नाही. 'पिंजरा'तला मास्तर तुणतुणे घेऊन फडात उभा राहतो, तेव्हा श्रीराम लागूंचा चेहरा तितकाच असह्य होतो. पण आदर्शाविषयीचे बोल लगेच येऊन त्या चेहऱ्याला झाकून टाकतात. हेच लागू आणि हेच निळू फुले पुढे जब्बार पटेलांच्या 'सामना'त समोरासमोर आले. तेंडुलकरांच्या लेखणीने तेथे उपदेश टाळला. एक दारुडा मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि साखरसम्राटाच्या मुद्रेवरचा रंग हळूहळू उतरत जातो. एवढ्यावर सारा चित्रपट तोलला आहे, आणि म्हणूनच तो मला 'पिंजऱ्या'हून मोठा वाटतो.

नव्यांत मला नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' (२०१३) सर्वांत जवळचा वाटतो. डुकराच्या मागे धावणारे ते कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते, आणि हाती आलेले डुक्कर निसटून जाते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाप-लेकरे आंबेडकरांचे, सावित्रीबाईंचे चित्र रंगवलेल्या भिंतीवरून जातात. तेथे कोणी एक शब्द बोलत नाही, बोलण्याची गरजही नसते. शेवटी जब्याने भिरकावलेला धोंडा पडद्यावरून थेट आपल्या दिशेने येतो. बाबूरावांनी १९२५ साली गावकुसाकडे वळवलेला डोळा मधल्या काळात मिटला होता. येथे तो पुन्हा उघडला, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, अशा रीतीने टीकाकाराची तुम्ही कारकुनी करून टाकलीत. वहाण, घड्याळ, ऐरण, धोंडा यांची यादी करणे म्हणजे का रसिकता? माझे उत्तर असे की कोणती वस्तू नोंदवावयाची आणि कोणती सोडावयाची, येथेच रसिकतेची कसोटी लागते. वाडियांनी झोपडीच का लक्षात ठेवली? हजार चित्रांतून ती एक निवडण्यातच त्यांचे मत आले. जो मनुष्य नीट पाहतो त्याला वेगळे मत द्यावे लागत नाही, आणि ज्याने पाहिलेच नाही त्याच्या पाचही ताऱ्यांचा उजेड पडत नाही.

माझ्या वर्गातील मुले हल्ली चित्रपटांवर उत्साहाने लिहितात. त्यांना मी एवढेच सांगतो की हा चित्रपट उद्या जळून जाणार आहे, असे समजून लिहा. पन्नास वर्षांनी एखाद्या मुलाच्या हाती तुमचा कागद पडेल. तुम्हांला तो आवडला होता की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसेल. पडद्यावर काय होते, हे मात्र त्याला तुमच्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकणार नाही.