पोटरीची तक्रार

म्हातारपणाच्या खात्यावर आपण ज्या तक्रारी डोळे मिटून मांडतों, त्यांत पायदुखी पहिली. घरांतील कोणीहि तेल चोळण्याचा सल्ला देतें आणि प्रकरण तेथेंच मिटतें. परंतु एक पायदुखी तेलाला दाद देत नाहीं. ती बसल्या जागीं येत नाहीं. ठराविक अंतर चाललें कीं पोटरींत गोळा येतो आणि थोडा वेळ उभें राहिलें कीं ओसरतो. आमच्या एका वडील आप्तांना हीच व्यथा होती. वाटेंत थांबण्याचा संकोच वाटून ते दुकानांच्या पाट्या वाचीत उभे राहत. पुढें आमच्या वाचनांत आलें, कीं जर्मन भाषेंत या विकाराला दुकानाच्या काचेपुढचा रोग असेंच नांव आहे!

बूले नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८३१ सालीं असलें लंगडणें घोड्यांत वर्णिलें. माणसांतील तें शार्कोनें १८५८ सालीं ओळखलें. घोड्याला ‘आतां वय झालें’ म्हणून गप्प बसवितां येत नाहीं, म्हणून तर त्याची पाळी आधीं लागली नसेल ना, अशी शंका आम्हांस येते. रोगाचें मूळ पायाकडे जाणाऱ्या धमनींत असतें. तिच्या आंतून मेदाचे थर सांचून वाट अरुंद होते. चालणाऱ्या स्नायूला लागणारें जादा रक्त मग पोंचत नाहीं.

येथें रक्तबिंबिकांचा, म्हणजे प्लेटलेटचा, संबंध येतो. इटलींतील बित्सोत्सेरोनें १८८२ सालीं दाखवून दिलें, कीं जखमेवर रक्ताची गुठळी जमविण्यांत या सूक्ष्म कणांचा पुढाकार असतो. त्यांचें आयुष्य सात ते दहा दिवसांचें. धमनींतील मेदाच्या थराला तडा गेला, कीं ती जखमच समजून त्या तेथेंहि चिकटतात. मोठ्या आकाराच्या बिंबिका अधिक तत्पर असतात, आणि चेतलेल्या बिंबिकांच्या पृष्ठावर पी-सिलेक्टिन नांवाचें प्रथिन उमटतें. वृद्धांच्या रक्तांत हीं चिन्हें मोजून धमनीच्या रोगाचा सुगावा लागेल काय, हें संशोधक तपासीत आले आहेत. प्रयत्न मोलाचा खरा. पण निदान त्यावर टेकतां येत नाहीं. परीक्षानळींत रक्त कांहीं वेळ राहिलें तरी बिंबिका फुगतात. मधुमेह व तंबाखू त्यांना चेतवितात तें निराळेंच.

आमच्या आप्तांच्या रक्तांत बिंबिकांची संख्या दीड ते साडेचार लाखांच्या नेहमींच्या मर्यादेंत होती, एवढ्यावर ते निश्चिंत होते. पण संख्या ठीक असली म्हणून धमनी मोकळी ठरत नाहीं. डॉक्टरांनीं घोट्याचा रक्तदाब मोजून त्यास दंडाच्या दाबानें भागलें, उत्तर ०.६२ आलें. ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे रोग. (जुन्या मधुमेहांत धमन्या कठीण होऊन हा आंकडा फसवा मोठा येतो.) घरच्यांना पायाची चिंता लागली, डॉक्टरांना हृदयाची व मेंदूची, कारण अशा रोग्यास मोठा धोका तेथें असतो.

तंबाखू बंद झाली, ॲस्पिरिन सुरू झाली. तिची गांठ पडलेली बिंबिका मरेपर्यंत निष्प्रभ राहते. परंतु अस्थिमज्जेंतून रोज नव्या येतात, म्हणून गोळीहि रोजची. त्याहून अवघड हुकूम निराळाच होता: दुखेपर्यंत चालावें, थांबावें, ओसरलें कीं पुन्हां चालावें. वडील माणसांना खुर्चींत बसवून हातांत चहा देणें म्हणजेच सेवा, असें मानणाऱ्या घराला तो पचावयास महिना लागला.