पहिलीतला रकाना

आपल्या समाजात उच्च शिक्षणाची चर्चा निघाली की दोनच कारणे पुढे येतात. एक, गरिबी. दुसरे, 'आपल्या लोकांना तालीमची कदर नाही'. सच्चर समितीने 2006 साली देशापुढे ठेवले की वीस वर्षांवरील मुसलमानांमध्ये पदवी वा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. त्यानंतरही ही दोन कारणे जलशांतून ऐकू येतात. आम्ही ताडकळसला उर्दू माध्यमातून शिकवतो. दिवसभर कापूस वेचून आलेली आई ट्यूशनची फी पदराच्या गाठीतून सोडून देते, हे आम्ही पाहतो. कदर नाही, हे आम्हांला मान्य नाही. गरिबी आहे, पण गरिबीसाठी ज्या सवलती आहेत त्या तरी आमच्या मुलांपर्यंत का पोहोचत नाहीत, हा खरा सवाल आहे.

कॉलेजे तर जवळ आली. पूर्णा या आमच्या तालुक्याच्या गावी गुरु बुद्धिस्वामी महाविद्यालय आहे. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. नांदेडला 1994 साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 2023 साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मोहल्ल्यातला मुलगा मात्र दहावीनंतर पुण्याला गॅरेजवर नाही तर हैदराबादला बेकरीत जातो. कॉलेज जवळ आले, प्रवेश जवळ आला नाही.

कारण प्रवेशाच्या खिडकीवर गुणपत्रिकेच्या जोडीला दुसरेही कागद मागतात. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमारही तिच्या व्यासपीठांवर आले. 1994 साली शासनाने निर्णय काढला आणि बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्यांच्या मुलांना ओबीसींच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. पण त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि पुढे वैधता लागते. वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा तर त्यात जातीच्या जागी एकच शब्द, 'मुसलमान'.

आमच्या माहितीतली एक मुलगी. वडील फळांचा गाडा लावतात, बिरादरी बागवान. बारावी सायन्स होऊन फार्मसीला तिचे गुण ओबीसीच्या यादीत बसत होते. आजोबांच्या दाखल्यावर 'मुसलमान' होते, वैधता झाली नाही. खुल्या यादीत गुण कमी पडले आणि जागा गेली. तिने पूर्ण्याला बी. एस्सी. केले.

दोन वर्षांनी तिच्या धाकट्या भावाची वेळ आली. तेव्हा आजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद एका खेड्यातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात मिळाली. रजिस्टर निजामाच्या काळचे, उर्दूत लिहिलेले. तिथल्या कारकुनाला अक्षर लागत नव्हते. आम्ही वाचले : 'बागवान'. त्या एका शब्दावर मुलाची वैधता झाली. आज तो वाळूजच्या एका औषध कारखान्यात आहे. पावसाळ्यात गाडा बंद राहिला तरी घरात पगार येतो. रक्ताच्या नात्यात एकाची वैधता झाली की चुलत भावंडांचीही वाट सोपी होते. बहिणीची जागा मात्र परत आली नाही.

मराठवाड्याची ही गंमत पाहा. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले, तेव्हा इथल्या सगळ्याच धर्मांच्या मुलांना वर चढायला उर्दू लागत होती. आज उर्दू शिकलेला मुलगा अकरावीत पोहोचला की त्याला भाषाच अडवते. आणि 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा जुन्या दप्तरांतली उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे पुन्हा लागली. आमच्या मुलांची वाटही त्याच दप्तरांत बांधून पडली आहे.

काही बुजुर्ग आम्हांला टोकतात, "सर, इस्लाम में जात कहाँ है? रजिस्टरात मुसलमानच लिहा." त्यांचा आदर राखून आम्ही म्हणतो, चाचा, मस्जिदीच्या सफमध्ये जात नाही, तिथे ती नसावीच. पण रजिस्टरातली नोंद तुमच्या बापदाद्यांच्या रोजीची आहे. ते काय करून पोट भरत होते, हे सांगण्यात ईमान जात नाही. न सांगण्यात नातवाची जागा जाते.

दरवाजे कमी होत चालले आहेत, म्हणूनही हे बोलायचे. 2014 साली मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. शिक्षणापुरता तो हायकोर्टाने रोखला नाही, तरी त्याचा कायदा न झाल्याने तो संपला. 2022 साली केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद झाली आणि संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही. जे उरले आहे ते कागदावर चालते. ओबीसींची सवलत आहे. त्यात न बसणाऱ्यांसाठी 2019 पासून आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के आहेत. जुलै 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील या प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला प्रत्येक ठिकाणी लागतो.

हे कागद बारावीच्या निकालानंतर धावपळ करून होत नाहीत. त्यांची सुरुवात पहिलीच्या प्रवेशाला होते. प्रवेश निर्गम रजिस्टरात त्या दिवशी जे लिहिले जाते तेच बारा वर्षांनी समितीपुढे जाते. शाळा सोडल्यावर ते दुरुस्त करणे फार अवघड. म्हणून मूल शाळेत घालताना आजोबांचा, पणजोबांचा जो कागद पेटीत असेल तो पिशवीत घालून आणा. फाटका असला तरी आणा. उर्दूत असला तरी आणा, वाचायला आम्ही आहोत.