पान, कान, दान, मान

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे नवे स्पीकर आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे कसलं खूळ, असं धाकट्या जाऊबाईंनी फोनवर विचारलंच. आणखीही काहींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची गाण्याची खोली म्हणजे मुलांची जुनी अभ्यासाची खोली. दहा बाय अकरा फूट, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. आणि जळगावचा उन्हाळा, त्यामुळे पंखा बंद करायची सोय नाही. ह्यांचं वय एकोणऐंशी. श्रवणयंत्र आहे, ते लावतातही. पण गेली चार वर्षं ह्यांनी गाणं ऐकणं जवळजवळ सोडलं होतं. "सगळं नुसतं घुमतं, शब्द कळत नाहीत," म्हणून उठून जायचे. मग मी हेडफोन लावून एकटीच ऐकायची. ज्यांच्या सोबतीने पन्नास वर्षं रेडिओ ऐकला ते पलीकडच्या खोलीत, आणि मी इथे एकटी. ते गाणं काही गोड लागेना.

वयोमानाने आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. मी मराठी शिकवलं, मला ते माझ्या भाषेत उमगलं: स्वर राहतात, व्यंजनं जातात. आ, ओ यांच्या अंगात बळ असतं. स, त, फ ही नाजूक मंडळी. आवाज मोठा केला की स्वरही तेवढेच दणकतात. त्यात उघडी फरशी आणि भिंती आवाज परत फेकतात. एका अक्षराचा घुमारा विरायच्या आत पुढचं अक्षर येतं आणि त्यात बुडतं.

मुलाचं म्हणणं, घ्यायचेच तर कमरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे घ्या. ह्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं. कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज आपोआप घुमणार. मोठा स्पीकर नेमका तोच खर्ज जोरात देणार, कोपऱ्यात ठेवला तर आणखीच. मुलगाही मग शोधाशोध करून म्हणाला, १९७०च्या दशकात बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावावा म्हणून एक स्पीकर बनवला होता. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, आणि माणसाचा बोलण्याचा आवाज खरा वाटतो की नाही याला त्यात मोठं महत्त्व. मला तो विचार पटला.

पण दुकानात पारख कशी करायची? दुकानदार आपली आवडती गाणी लावतात. लताबाईंचं आजोळ आपल्या खानदेशातलं, थाळनेरचं. त्यांची गाणी आम्हा दोघांना तोंडपाठ. तिथेच तर घोळ होतो. पाठ असलेल्या गाण्यातले गळलेले शब्द कान नाही, आठवण भरून काढते. म्हणून मी मास्तरकी केली. पान, कान, दान, मान, भान. साल, ताल, फाल, चाल, असे वीस शब्द उलटसुलट क्रमाने वाचून नातवाच्या मोबाईलवर मुद्रित केले. प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा क्रम. धुळ्याला भाच्याच्या ओळखीच्या दुकानात गेलो, पंखा मुद्दाम चालू ठेवला, ह्यांच्या हातात वही-पेन दिलं आणि शुद्धलेखन घातलं. दुकानातली दोन पोरं खुसुखुसू हसत होती. हे मात्र परीक्षेला बसल्यासारखे गंभीर.

मोठ्या उभ्या जोडीवर वीसपैकी अकरा. मधल्या जोडीवर तेरा. फळीवर बसणाऱ्या छोट्या जोडीवर सोळा. किंमत मोठ्या जोडीच्या निम्म्याहून कमी, पण मी ती गुण लागल्यावरच विचारली.

घरी आल्यावर बाकीचं काम खोलीवर केलं. फरशीवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीवर सासूबाईंच्या हातची गोधडी, मागे पुस्तकांचं कपाट. स्पीकर कोपऱ्यातून आणि भिंतीपासून पुढे ओढले, कानाच्या उंचीवर ठेवले. आमच्या खुर्च्या त्यांच्यापासून साडेचार फुटांवर. जवळ बसलं की भिंतीवरून येण्याआधी थेट आवाज जास्त पोचतो, आणि तोही लहान ठेवून भागतं. पुन्हा शुद्धलेखन घेतलं: अठरा. "फाल"चा "साल" आणि "दान"चा "भान" झाला, तेवढाच.

तेव्हा घरात कुणी वयस्क असेल तर स्पीकर घेताना त्यांनाच सोबत न्या, आणि त्यांना पाठ नसलेलं काहीतरी ऐकवा. वीस हजार हर्ट्झपर्यंत वाजतो, हे खोक्यावर छापलेलं ऐकायला आमच्या वयाचे कान राहिलेले नसतात. उरलंय ते नीट पोचलं पाहिजे.

परवा दुपारी कधी न ऐकलेलं एक भावगीत लागलं होतं. हे मध्येच म्हणाले, "थांब, ती ओळ परत लाव, शब्द छान आहे." मी परत लावली.