जुन्या कपाटातली ईथरची बाटली

लातूरच्या एका पेशंटने परवा फोटो पाठवला: वडिलांच्या बंद दवाखान्यातली ईथरची तपकिरी बाटली, झाकणाभोवती पांढरे खडे. "डॉक्टर, उघडून वास बघू का?"

"अजिबात हात लावू नका!"

1846 मध्ये बोस्टनला याच ईथरने शस्त्रक्रियेतली वेदना थांबवून दाखवली. मला त्याचा आदरच आहे. पण ते 34.6 अंशांना उकळतं, आणि आपल्या नांदेड-लातूरचा मे चाळिशीपार! वाफ हवेच्या अडीचपट जड. जमिनीलगत सरपटत लांबच्या शेगडीपर्यंत जाऊन पेटते. शिवाय हवा-उजेडाने वर्षानुवर्षं त्यात पेरॉक्साइड साचतं. ते खडे बहुधा तेच. झाकण फिरवतानाच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो.

खोलीला कुलूप लावून त्यांनी 101 वर अग्निशमन दलाला कळवलं. तुमच्याकडेही असली बाटली निघाली तर मोरीत ओतू नका.