कुलूप नसलेलं दार

बेळगावच्या आमच्या जुन्या घरात प्रिंटर दादाच्या संगणकाला जोडलेला; माझा संगणक माडीवर. 'शेअर' केलेला प्रिंटर मला दिसे, पण छापायला गेलं की एकच उत्तर – प्रवेश नाकारला! उद्या अहवाल द्यायचा. आणि दादाशी आठ दिवस अबोला. शेवटी खाली उतरलो. दोघांनी परवानग्या तपासल्या. दोष निराळाच निघाला. दादाच्या खात्याला पासवर्डच नव्हता. विंडोज एक्सपीपासून (२००१) नियमच असा : बिनपासवर्डाचं खातं समोर बसणाऱ्याला उघडतं, दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्याला नाही. "घरात कसलं कुलूप?" म्हणणाऱ्या दादानं मुकाट्यानं पासवर्ड ठेवला – माझं लाडाचं नाव! माडीवर जाऊन तो भरला आणि खाली प्रिंटर घरघरला. कुलूप नसलं म्हणजे दार उघडंच असतं असं नाही, एवढं मात्र त्या रात्री उमगलं.