भरतीच्या वेळापत्रकावर एक दिवस

सुट्टी लागली की मुलांना घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न घराघरांत निघतो. मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींची राणीची बाग झालेली असते, बोरिवलीचं नॅशनल पार्क झालेलं असतं, चौपाटी तर नेहमीचीच. जंगल बघायचं तर ताडोबा गाठायला हवं आणि होडीत बसून पक्षी बघायचे तर थेट केरळला जायला हवं, अशी आपली समजूत. पण सकाळी लोकलचं तिकीट काढून निघावं, जंगलातून पायी फिरावं, होडीतून शेकडो, कधी हजारो पक्षी पाहावेत आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतावं, अशीही एक सहल आहे. ती होते नवी मुंबईतल्या ऐरोलीला, ठाण्याच्या खाडीत.

ही खाडी आपल्याला नवी नाही. वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून रोज लाखो माणसं तिच्यावरून ये-जा करतात. खाली काळपट पाणी, काठाला चिखल आणि चिखलात हिरवी झुडपं, एवढंच दिसतं. वास आला की गाडीची काच वर जाते. मात्र याच पाण्याचा ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये राज्य सरकारने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन, बाकीचं पाणी. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रात हा मान त्याआधी फक्त नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोघांनाच होता.

ऐरोलीच्या धक्क्याजवळ वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. आपली सहल इथूनच सुरू होते.

आधी तिथी बघा

"होडी किती वाजता सुटते?" असा फोन केला, तर समोरून उलटा प्रश्न येतो, "कुठल्या तारखेला येताय?" कारण इथलं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला काठाकडचं पाणी मागे हटतं आणि होडीला पुरेसं पाणी राहत नाही. भरती चढली की मगच होडी सुटते.

भरतीची वेळ काढायची कोकणातल्या जुन्या माणसांची एक सोपी रीत आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, त्या दिवशीची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. साधारण त्या सुमाराला भरती येते. तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा हिशेबात धरायचा. घरात आजी-आजोबा असतील तर हे गणित त्यांच्याकडे सोपवा, त्यांना मनापासून आवडेल.

या हिशेबाने तृतीया ते पंचमीचे दिवस सहलीला सोयीचे. सकाळी ओहोटी असते, तेव्हा चिखलातलं जग उघडं पडतं आणि जंगलातून फिरता येतं. दुपारी पाणी चढतं, तेव्हा होडीत बसता येतं. संकष्टी असेल तर डब्यात साबुदाण्याची खिचडी घ्यावी, म्हणजे झालं.

चिखलातलं जंगल

केंद्रात शिरल्यावर आधी माहितीचं दालन पाहून घ्यावं. मग मार्गदर्शक तुम्हाला कांदळवनात नेतात. पाय चिखलात घालावे लागत नाहीत, बांधलेल्या वाटेवरून चालायचं असतं. दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी. खाली पाहिलं तर चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखे शेकडो खुंट वर आलेले दिसतात. ती तिवराची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून या झाडाची मुळं जमिनीतून वर डोकं काढून श्वास घेतात. तिवराच्या पानावरून बोट फिरवलं तर बोटाला बारीक मीठ लागतं. खारं पाणी शोषून घ्यायचं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकायचं, अशी त्याची युक्ती.

कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. हातभर लांब, शेंगेसारखं दिसणारं रोप आईच्या अंगावरच वाढतं आणि मग खाली पडून चिखलात उभं राहतं. आमच्याबरोबर साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मार्गदर्शक मुलीने हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे लेकराला चालतं-फिरतं करून मगच घराबाहेर धाडते म्हणायची की!" वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे इतकं सोपं करून सांगितलेलं नसतं.

मुलांचे डोळे मात्र खाली खिळलेले असतात. चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारतात. निवटी हा मासाच, पण पुढच्या परांच्या जोरावर चिखलात चालतो आणि ओलावा असेल तोवर पाण्याबाहेर मजेत राहतो. एका बिळाच्या तोंडाशी चिमुकला खेकडा उभा असतो. त्याची एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगापेक्षा मोठी. ती मोठी नांगी तो सारखा हलवतो, जणू कुणाला तरी बोलावतोय. हा नर, आणि हे बोलावणं मादीसाठी. या वनात सोनेरी कोल्हाही राहतो. तो दिसेलच असं नाही.

अशा जागेला आपण वर्षानुवर्षं पडीक खाजण म्हणत आलो. भराव टाका, प्लॉट पाडा, असाच तिचा उपयोग. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली. त्यानंतर पाणी सामावून घेणाऱ्या या जागांचं मोल पुष्कळांच्या लक्षात आलं. कांदळवनं लाटांचा जोर मोडतात, काठाची माती धरून ठेवतात आणि कोळंबी-माशांच्या पिल्लांना आसरा देतात. त्याच २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम झाली. २०१२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी वनविभागात स्वतंत्र कक्ष उघडला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष ठरली.

होडी सुटते

दुपारी पाणी चढू लागलं की धक्क्यावर लगबग सुरू होते. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालावंच लागतं. होडी काठाकाठाने निघते. आधी दिसतात ते बगळे, शराटी, खंड्या. डोक्यावर ब्राह्मणी घार घिरट्या घालते. कुरव पक्ष्यांचा थवा होडीमागून येतो. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते बघा!"

दूर पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा दिसतो. जवळ जावं तशी त्यातून लांब माना आणि काटकुळे पाय वेगळे होत जातात. हेच फ्लेमिंगो, मराठीतले रोहित किंवा अग्निपंख. इथं त्यांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, पांढरट, फिकट गुलाबी चोचीचा. छोटा रोहित ठेंगणा, अधिक गडद गुलाबी, आणि त्याची चोच काळपट लाल. खाताना दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात, पाणी आत ओढतात आणि चाळणीतून गाळावं तसं अन्न गाळून घेतात. पिल्लं करड्या रंगाची असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांमधल्या रंगद्रव्यामुळे पुढे पंखांना गुलाबी रंग चढतो.

हे पाहुणे मुख्यतः गुजरातेतून येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाला पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलालींचं नाव दिलं, एकाला कच्छच्या महाराव खेंगारजींचं. पावसाळ्याच्या तोंडाशी ते गुजरातकडे उडाल्याचं यंत्रांनी दाखवलं. नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत बरेचसे राहतात.

पण त्यांनी ही गजबजलेली खाडी का निवडली? याचं उत्तर ऐकून थोडं ओशाळायला होतं. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्याच्या खतावर चिखलात शेवाळ माजतं आणि शेवाळ हे छोट्या रोहिताचं आवडतं खाणं. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलात त्यांचे थवे दिसू लागले आणि मग ते खाडीत पसरले. मात्र जे पाणी रोहितांना मानवलं, ते माशांना मानवलं नाही. आमची होडी चालवणारे काका कोळीवाड्यातले. "माझा बापूस याच खाडीत जाळं टाकायचा," ते म्हणाले. "आता तेवढी मासळी कुठं राहिलीय? म्हणून मी पावण्यांना पक्षी दाखवतो." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण होडीत क्षणभर कुणी बोललं नाही.

पाणी चढल्यावर पक्षी जातात कुठं?

हा प्रश्न आमच्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीने विचारला, आणि या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच. रोहित पोहू शकतात, पण चरायला आणि विसाव्याला त्यांना उथळ पाणी लागतं. भरती पूर्ण चढली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो. थवा उठतो आणि पुष्कळसे पक्षी पूर्वेला वळतात. काकांनी हात केला तो नवी मुंबईच्या दिशेने. "तिकडं तळी आहेत ना नेरुळ, सीवूड्सला. पाणी उतरेस्तोवर तिथं बसतात."

नकाशावर अभयारण्याची हद्द खाडीत संपते, पण रोहितांचा दिवस तिथं संपत नाही. ही तळी अभयारण्याबाहेर, इमारतींच्या शेजारी आहेत. त्यांच्यात खाडीचं पाणी खेळतं राहिलं तरच ती त्यांच्या कामाची. २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाची पाण्याची वाट अडली, तलाव आटत गेला आणि त्याच हंगामात त्या भागात रोहित मरून पडलेले आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात रात्रीच्या वेळी घाटकोपरवर एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी मेले. गावकरी, पक्षिप्रेमी आणि आसपासच्या सोसायट्यांतली माणसं आवाज उठवत राहिली. अखेर २०२५ मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. हे एका तलावाचं झालं. बाकीच्या पाणथळ जागांचा वाद सुरूच आहे.

म्हणून आमची एक सुचवणी. होडीतून उतरल्यावर लगेच घरची वाट धरू नका. ऐरोलीहून लोकलने नेरुळ गाठा आणि तलावाच्या काठाशी थोडा वेळ उभे राहा. पक्षी बसलेले असतील तर ओहोटी लागल्यावर ते एकेक गट करून उठतात आणि खाडीकडे परततात. दुपारी ज्यांना पाण्यावर पाहिलं, त्यांचं दुसरं घर मुलांना इथं दिसतं. अभयारण्य एका काठावर जपून भागत नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

लांबच्या वाचकांसाठी

ऐरोली प्रत्येकाला जवळ नाही. गोव्यात जाणाऱ्यांनी पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जावं. तिथं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेलं. कांदळवनातली वाट आणि होडीची फेरी, दोन्ही तिथं मिळतं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होड्या वल्हवून कांदळवन दाखवतात. तिथं इंजिनाचा आवाज नसल्याने पक्ष्यांची बोली अधिक ऐकू येते.

जाण्यापूर्वी

ठाणे-वाशी मार्गावरचं ऐरोली स्टेशन सर्वांत सोयीचं. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांना मुलुंडहूनही ऐरोली पुलावरून येता येतं. स्टेशनवरून रिक्षा मिळते. होडीची जागा आधी राखून ठेवा, आणि वेळ, तिकीट व केंद्राच्या सुट्टीचा दिवस विचारूनच निघा. रोहित पाहायला फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तम काळ.

टोपी, पाण्याची बाटली आणि दुर्बीण बरोबर असू द्या. भडक रंगाचे कपडे टाळा. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नका आणि होडी आणखी जवळ न्या असा होडीवाल्यांना आग्रह करू नका. कुरव पक्ष्यांना फरसाण किंवा पाव टाकायची काहींना सवय असते, ती मुलांना लावू नका. आणि वेफर्सचं रिकामं पाकीट पिशवीत घालून घरी आणा. खाडीत टाकलेलं काहीही भरतीबरोबर त्याच चिखलात येऊन बसतं.