आनंददरी

नकाशातील जुनी नावे माहिती देतात. नवी नावे आश्वासन देतात. नदीकाठच्या गावाला नदीचे नाव मिळते, वडाच्या झाडाखाली वसलेल्या पाड्याला वडाचे. अलीकडच्या काळात माणसाने उभारलेल्या स्थळांची नावे मात्र तेथे काय आहे यापेक्षा तेथे काय मिळेल हे सांगतात. चीनमधील शांघाय महानगराच्या नैर्ऋत्येस, सोंगच्यांग नावाच्या भागात, असे एक स्थळ आहे. ते एक भव्य मनोरंजन उद्यान असून २००९ साली सुरू झाले. त्याचे चिनी नाव ‘ह्वानलगू’, म्हणजे आनंदाची दरी. या आनंददरीपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर शेशानची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर ‘ख्रिस्ती जनांचे साहाय्य’ असलेल्या पवित्र मरियेचे महामंदिर उभे आहे. आपल्या ‘साल्वे रेजिना’ या प्राचीन प्रार्थनेत या जगाला अश्रूंचे खोरे म्हटले आहे, हे वाचकांना सांगावयास नको. त्या प्रार्थनेत जिला हाक मारावयाची, तिच्याच पायथ्याशी कोणीतरी आनंदाची दरी वसवावी, हा योगायोग आम्हांस फार विचार करावयास लावून गेला.

आम्ही तेथे गेलो ते २०१९ सालच्या मे महिन्यात. आमचा भाचा नोकरीनिमित्त शांघायला सहकुटुंब राहत होता. त्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, आदल्या वर्षी दीर्घ आजारानंतर प्रभूघरी गेले होते. आमची धाकटी बहीण तेव्हापासून घराबाहेर पडेनाशी झाली होती. रविवारच्या मिस्सेला ती येई, परंतु ओठ मिटून बसे. धर्मगुरूची बहीण म्हणून लोक तिच्याकडून अधिक श्रद्धेची अपेक्षा करीत, आणि तेच ओझे तिला अधिक जड होत असावे. आम्ही तिला कधी उपदेश केला नाही. मृत्यूच्या घरी उपदेश किती पोकळ वाटतो, हे धर्मग्रामात तीस वर्षे अंत्यविधी केल्यावर कोणासही कळते. भाच्याने आग्रह धरला, “मामा, तुम्ही आईला घेऊन या. तुमच्याशिवाय ती येणार नाही.” म्हणून आम्ही निघालो.

व्हिसाच्या अर्जात व्यवसाय विचारला होता. तेथे आम्ही ‘धर्मगुरू’ असे स्वच्छ लिहिले. चीनमध्ये त्या वेळी लागू असलेल्या १९९४ च्या नियमांनुसार परदेशी माणसास मान्यताप्राप्त मंदिरात उपासनेस बसता येत असे. प्रवचन करावयाचे तर तेथील धर्मसंस्थांचे निमंत्रण आवश्यक होते. आमच्यापाशी निमंत्रण नव्हते, आणि आमचे येण्याचे कारणही निराळे होते. आम्ही त्या देशात बहिणीचे भाऊ म्हणून उतरलो.

पुडोंग विमानतळावर यंत्रावर बोटांचे ठसे देऊन बाहेर पडलो, तेव्हा घड्याळ अडीच तास पुढे करावे लागले. भाच्याचा आठ वर्षांचा मुलगा धावत आला आणि आजीला बिलगून त्याने पहिलीच बातमी दिली, “आजी, आपण आज घरी जाणार नाही. हॉटेलात जाणार! उद्या ह्वानलगू!” आनंददरीची सहल त्याला वर्षभरापूर्वी कबूल केली होती; आजोबांच्या आजारपणात ती राहून गेली होती. मुले आपली देणी विसरत नाहीत. विमानतळ शहराच्या पूर्वेच्या समुद्रकाठी आणि सोंगच्यांग दुसऱ्या टोकास, त्यामुळे तासाभराहून अधिक काळ आमची मोटार उंच इमारतींच्या रांगांमधून धावत राहिली. बहीण खिडकीबाहेर पाहत होती. ती काय पाहत होती हे तिलाच ठाऊक.

हॉटेल साधे होते. त्याच परिसरात एका सोडून दिलेल्या दगडखाणीच्या पोटात, खाली खाली मजले उतरत गेलेले एक आलिशान हॉटेल २०१८ साली उघडले होते. आम्ही ते दुरून पाहण्यातच समाधान मानले. आमच्या हॉटेलातील मुलीने पारपत्रांच्या प्रती काढल्या, कारण परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावीच लागते. तिला इंग्रजी येत नव्हते. आपल्या मोबाइलमध्ये ती चिनीत बोले आणि त्यातून इंग्रजी उमटे. आम्ही कोण, असे तिने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून विचारले, तेव्हा भाच्याने ‘शन्‌फू’ हा शब्द उच्चारला. कॅथलिक धर्मगुरूला चिनीत हेच संबोधन आहे. मुलीने मान डोलावली आणि समोरच्या खिडकीकडे बोट दाखविले. दूर झाडीवर विटकरी रंगाचा एक मनोरा दिसत होता.

उद्वाहनात शिरल्यावर नातवाने बटणे मोजली आणि तो ओरडला, “फादर आजोबा, यात चार नाहीच!” खरोखरच तीन नंतर पाच होते. चिनी भाषेत चार या अंकाचा उच्चार मृत्यू या शब्दाच्या जवळचा आहे. म्हणून पुष्कळ इमारतींत चौथा मजला नावापुरता गाळतात. भाच्याने हे सहज सांगितले आणि मग तो गप्प झाला. बहीण हलकेच म्हणाली, “बरे आहे. मजला गाळता येतो.” प्रवासात ती आपण होऊन बोललेले हे पहिले वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या दालनात एका मोठ्या पातेल्यात पांढरीशुभ्र तांदळाची पेज होती. शेजारी खारवलेली अंडी, लोणच्याच्या फोडी, शेंगदाणे. चिनी लोक तिला ‘झोउ’ म्हणतात. इंग्रजांनी तिला दिलेले ‘काँजी’ हे नाव मात्र तमिळ ‘कंजी’तून पोर्तुगीजांच्या तोंडून जगभर गेले आहे. एवढ्या परक्या देशात आपली पेज भेटावी याचे आम्हांस कौतुक वाटले. बहिणीने वाटी भरून घेतली, टेबलावर ठेवली आणि मग ती नुसती तिच्याकडे पाहत राहिली. मेहुण्यांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या घशाखाली पेजेखेरीज काही उतरत नव्हते. दिवसातून चार वेळा तीच ती भरवीत असे. तिने वाटी बाजूला सारली आणि चहा घेतला. आम्हीही काही बोललो नाही.

आनंददरीत शनिवारची गर्दी होती. हजारो कुटुंबे, खांद्यावर मुले, हातात छत्र्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. चीनमधील या प्रकारच्या उद्यानांचा इतिहास फार जुना नाही. ज्या उद्योगसमूहाने ही आनंददरी उभारली, त्याने १९८९ साली शेन्झेन येथे चीनमधील प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृतींचे पहिले उद्यान काढले आणि १९९८ साली त्याच शहरात पहिली ‘ह्वानलगू’. ज्यांचे आजीआजोबा उपासमारीतून आणि सांस्कृतिक क्रांतीतून गेले, त्यांची नातवंडे येथे तिकीट काढून भीती विकत घेतात, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

भीती खरीच. तेथील एका झोक्याची गाडी साठ मीटरहून अधिक उंचीवर जाते, अगदी कड्याच्या टोकावर काही क्षण मुद्दाम थांबविली जाते आणि मग सरळ खाली कोसळते. नातू उंचीत कमी पडला म्हणून त्याला आत घेतले नाही. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही तिघे कठड्यापाशी उभे राहून पाहत होतो. गाडी टोकावर थांबली की वरची माणसे एकदम शांत होत. मग ती किंकाळी. बहिणीने बऱ्याच वेळाने म्हटले, “दादा, यांना ठाऊक आहे, गाडी परत जागेवर येणार आहे.”

आम्ही होय म्हटले. इस्पितळाच्या बाकावर तिने किती रात्री काढल्या होत्या, त्या टोकावर थांबलेल्या रात्रीच होत्या. आणि त्या गाडीला परतीचा रूळ नव्हता. आमच्या गुरुविद्यालयात आशा या सद्गुणावर आम्ही पुष्कळ शिकलो होतो. त्या कठड्यापाशी त्यातले एकही वाक्य उच्चारण्याजोगे वाटले नाही.

दुपारी नातवाने आजीला एका पुलावर नेले. पुलाखालून एक मोठी नाव उंचावरून पाण्यात आदळते आणि तिची लाट थेट पुलावर येते. नातवाला हे ठाऊक होते, आजीला नव्हते. लाट आली आणि दोघे नखशिखांत भिजली. बहिणीच्या तोंडून एक किंकाळी निघाली, आणि तिच्या पाठोपाठ हसू. नातू हसत होता म्हणून ती हसली, मग ती हसते म्हणून तो अधिकच हसला. भाचा कोरडा टॉवेल घेऊन धावला आणि अर्ध्या वाटेत उभा राहिला. सव्वा वर्षानंतर तो आईला हसताना पाहत होता. तेथे असंख्य लोक हसत होते; त्यांतले हे एक हसणे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

रविवारी आम्ही टेकडी चढलो. उंची सुमारे १०० मीटर. सपाट शांघायमध्ये तेवढीही दुरून दिसते. या टेकडीची कथा संकटातून आलेली आहे. १८७० साली तिआनचिन येथे ख्रिस्ती लोकांची हत्या झाली, तेव्हा शांघायच्या येशूसंघीयांनी मरियामातेला नवस केला की आमचे रक्षण झाले तर येथे मंदिर बांधू. ते पहिले मंदिर १८७३ साली पूर्ण झाले. सध्याचे महामंदिर १९२५ ते १९३५ या काळात उभे राहिले. जुन्या काळी कालव्यांतून होड्या हाकीत कोळी कुटुंबे येथे यात्रेला येत. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत रंगीत काचा फुटल्या, क्रूसाच्या वाटेवरील शिल्पे नष्ट झाली, मनोऱ्यावरील मूर्ती गेली. पुढे डागडुजी झाली आणि २००० साली मूर्तीची प्रतिकृती पुन्हा वर चढली. या मूर्तीत मरियामाता बाळ येशूला डोक्यावर उंच धरून आहे आणि बाळाने दोन्ही हात पसरले आहेत. दुरून पाहिले तर ते बाळ क्रूसासारखे दिसते. परमगुरू बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली चिनी कॅथलिकांना पत्र लिहिले आणि २४ मे हा या मातेचा दिवस जगभरच्या ख्रिस्तसभेने चीनसाठी प्रार्थना करण्याचा दिवस ठरविला. तेव्हा मे महिन्यातील ती गर्दी कोणत्या भावनेची होती, हे सांगावयास नको.

गर्दी आनंददरीसारखीच होती, हे मात्र सांगितले पाहिजे. तशीच खांद्यावर मुले, तशाच छत्र्या, तशाच बाटल्या. टेकडीच्या मध्यावर एक लहान मंदिर आहे आणि त्याच्या अंगणात तीन मंडप: येशूच्या पवित्र हृदयाचा, मरियेचा आणि संत जोसेफचा. बहिणीचे गुडघे दुखू लागले म्हणून आम्ही तेथे थांबलो. संत जोसेफ हा चांगल्या मरणाचा आश्रयदाता. मेहुण्यांच्या उशाशी त्याचेच चित्र होते. बहीण त्या मंडपापुढे उभी राहिली आणि मोठ्याने रडू लागली. अंत्यविधीला ती अशी रडली नव्हती. एक वृद्ध चिनी बाई पुढे आली. तिला आमची भाषा येत नव्हती, मोबाइलही नव्हता. तिने बहिणीचा हात धरला आणि आपल्या जपमाळेचा एक मणी तिच्या बोटांत दिला. मग दोघी आपापल्या भाषेत ‘नमो मरिया’ म्हणू लागल्या. आम्ही शेजारी उभे होतो. आमची गरज नव्हती.

मिस्सा आम्ही वरच्या महामंदिरात मागील बाकावर बसून ऐकली. भाषा कळत नव्हती. परंतु अर्पणाची वेळ, शांतीची वेळ, मौनाची वेळ सारे ओळखीचे होते. वेदीपुढे न उभे राहता नुसते गुडघे टेकण्याचे सुख धर्मगुरूला फारसे मिळत नाही. ते आम्हांस तेथे लाभले.

उतरताना खालच्या उद्यानातील किंकाळ्या वाऱ्यावर येत होत्या. आम्हांस त्या आता उथळ वाटल्या नाहीत, तशा त्या पूर्वीही वाटल्या नव्हत्या. दरीतल्या हास्याने जे सैल केले, ते टेकडीवर वाहून गेले. आधी हसू आले म्हणून पुढे रडू येऊ शकले. माणसाचे मन एखाद्या गोठलेल्या पाण्यासारखे असते. ते वितळू लागले की त्यातून काय काय वाहील याचा क्रम कोणाला ठरविता येत नाही. आपण आनंदाला एक जागा देतो आणि शोकाला दुसरी, आणि मध्ये कुंपण घालतो. देवाच्या अंगणात असे कुंपण आम्हांस दिसले नाही.

बहिणीने मागे वळून मनोऱ्याकडे पाहिले, मग खालच्या झोक्यांकडे, आणि ती म्हणाली, “दादा, ही तर आपली बांद्र्याची जत्रा. वर माऊली, खाली पाळणे.”

खरेच होते. सप्टेंबरात मोत मावलीच्या टेकडीवर मेणबत्त्या लावून, नवस फेडून, डोळे पुसून खाली उतरलेली आपली माणसे पायथ्याशी मुलांना पाळण्यात बसवितात आणि खाजा विकत घेऊन घरी जातात. आपल्या वाडवडिलांनी ही दोन्ही कामे एकाच दिवसाची मानली, आणि कोणत्याही धर्मगुरूला ती वेगळी करता आली नाहीत.